मावळतीपूर्वीचे ताट : सिंधुदुर्गनगरीतील भोजनगृहांची एक तुलना

सिंधुदुर्गनगरी हे नाव सरकारी कागदांवर असते. लोकांच्या तोंडी मात्र आजही ओरोस हेच नाव आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि कुडाळ व कणकवली या दोन जुन्या बाजारपेठांच्या दरम्यान असलेल्या ओरोस येथे त्याचे मुख्यालय वसविण्यात आले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय आणि जिल्हा रुग्णालय ही या नगरीची प्रमुख ठिकाणे. हे गाव बाजारामुळे वाढलेले नाही, कार्यालयांमुळे वाढलेले आहे. त्यामुळे येथे बाहेर जेवणारा मनुष्य सहसा हौसेने जेवत नाही. कोणी बदलीवर आलेला असतो, कोणी न्यायालयाच्या तारखेला, तर कोणी रुग्णालयात दाखल असलेल्या नातलगाच्या उशाशी बसण्यासाठी. येथील भोजनगृहांची तुलना करताना हे ध्यानी ठेवले पाहिजे.

करूळ, फोंडा किंवा आंबोलीचा घाट उतरून कोल्हापूर-सांगली-बेळगावकडून येणाऱ्या जैन कुटुंबांना ओरोसच्या जेवणाविषयी एकच धास्ती असते. जिल्हा मासळीचा, तेव्हा आपल्या वाट्याला काय येणार? या धास्तीपोटी कित्येक जण पिशवीत खाकरे, चिवडा आणि केळी घेऊनच निघतात. एका दिवसासाठी हा उपाय पुरेसा आहे. परंतु तीन वर्षांच्या बदलीवर आलेल्या एकट्या कर्मचाऱ्याने, अथवा पंधरा दिवस रुग्णालयात राहणाऱ्या आईच्या मुलाने काय करावे? त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर नियम हळूहळू सैल होत जातो किंवा शरीर हळूहळू क्षीण होत जाते. ही तुलना त्याच्या उपयोगी पडावी, हा या लेखाचा हेतू आहे. भोजनगृहांची नावे येथे मुद्दाम टाळली आहेत, कारण आचारी बदलला की भोजनगृहाची चव आणि शिस्त दोन्ही बदलतात. त्यापेक्षा भोजनगृहाचा प्रकार ओळखता आला, तर वाचकाला कोणत्याही दारात उभे राहून निर्णय घेता येईल.

कार्यालयाचे घड्याळ आणि सूर्याचे घड्याळ

चवीच्या आधी वेळेचा विचार करावा लागतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याबरोबर कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास भोजनासाठी मिळतो. आता सूर्याकडे पाहावे. ओरोसच्या अक्षांश-रेखांशांनुसार नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत, कार्यालय सुटण्यापूर्वीच सूर्य मावळलेला असतो. जुलैच्या प्रारंभी सूर्यास्त सर्वांत उशिरा, म्हणजे सात वाजून दहा-बारा मिनिटांनी होतो. परंतु जे श्रावक सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच भोजन उरकतात, त्यांना त्या सर्वांत मोठ्या दिवसांतही साडेसहाच्या आत ताटावरून उठावे लागते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने, रात्री साडेसात वाजता गरमागरम थाळी देणारे भोजनगृह कितीही उत्तम असले तरी निरुपयोगी ठरते. त्याला दुपारी अर्ध्या तासात जेवण हवे आणि पाच वाजण्यापूर्वी सायंकाळचा डबा हातात हवा. म्हणून पुढील तुलनेत अन्न, वातावरण आणि मोल या तीन कसोट्यांबरोबर वेळ ही चौथी कसोटीही लावली आहे.

महामार्गावरील मोठी हॉटेले

मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाल्यापासून त्याच्या कडेला मोठी, प्रशस्त हॉटेले उभी राहिली आहेत. 'शुद्ध शाकाहारी' आणि त्याखाली 'जैन फूड मिळेल' अशी पाटी आढळते ती बहुधा येथेच. प्रवासी कुटुंबाची गाडी साहजिकच येथे थांबते.

वातावरणाच्या कसोटीवर ही हॉटेले निःसंशय पुढे आहेत. गाडी लावायला जागा, स्वच्छ प्रसाधनगृह, वृद्धांना बसण्यास सोयीच्या खुर्च्या आणि मुलांना मोकळीक या सर्व गोष्टी येथे मिळतात. लांबच्या प्रवासात त्यांचे मोल कमी लेखू नये.

अन्नाच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. येथील बहुतेक भाज्या पंजाबी धर्तीच्या असतात आणि त्यांची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार करून ठेवलेली असते. तिच्यात कांदा, लसूण आणि आले आधीच वाटलेले असते. 'जैन' म्हणून मागविलेली भाजी खरोखर वेगळ्या पातेल्यातून येते की वरून केवळ बटाटा वगळला जातो, हे ग्राहकाला कळणे कठीण असते. कित्येक आचाऱ्यांच्या लेखी 'जैन' म्हणजे कांदा, लसूण आणि बटाटा नाही, एवढेच. आलेही कंदमूळ आहे, गाजर आणि बीटही कंदमूळ आहे, हे त्यांना सांगावे लागते. म्हणून अशा ठिकाणी ग्रेव्हीच्या भाजीच्या वाटेस न जाता जे पदार्थ मागणीनंतरच तयार होतात, तेच मागवावेत. साधे वरण आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, भेंडी किंवा सिमला मिरचीची सुकी भाजी, साधा भात, ताजी पोळी हे पदार्थ त्यातल्या त्यात निर्धोक होत.

मोलाच्या बाबतीत ही हॉटेले सर्वांत महाग पडतात. दर प्रत्येक पदार्थाचा वेगळा आणि बिलावर सहसा पाच टक्के वस्तू व सेवा कर. चारशे रुपयांच्या बिलावर वीस रुपये कर ही रक्कम एका दिवशी जाणवत नाही, पण रोज जेवणाऱ्यास ती जाणवल्यावाचून राहत नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या प्रवासी कुटुंबास हे हॉटेल योग्य. एकट्या कर्मचाऱ्याने मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

उडपी धर्तीची उपाहारगृहे

इडली, डोसा, उत्तप्पा आणि चहा-कॉफी देणारी उपाहारगृहे महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात, तशी ती ओरोसच्या परिसरात आणि शेजारच्या कुडाळ-कणकवलीतही आहेत. येथे सामिष पदार्थ शिजत नाहीत, हा त्यांचा मोठा आधार. सेवा झटपट असते आणि दरफलक भिंतीवर स्पष्ट लिहिलेला असतो. अर्ध्या तासाच्या सुटीत जेवण उरकायचे असेल तर वेळेच्या कसोटीवर हीच उपाहारगृहे सर्वांत सोयीची.

अडचण वेगळी आहे. इडली-डोशाचे पीठ रात्रभर आंबविलेले असते आणि अनेक व्रती श्रावकांना आंबविलेले पीठ चालत नाही. सांबारात कांदा असतो, डोशाच्या पोटात बटाटा असतो, चटणीत आले असण्याचा संभव असतो. ज्यांचा नियम तेवढा काटेकोर नाही, त्यांना साधा डोसा आणि नुसत्या नारळाची चटणी घेता येईल. काटेकोर पाळणाऱ्याच्या वाट्याला उपमा किंवा शिरा येतो, आणि उपम्यात कांदा नाही ना, हे तेथेही विचारावे लागतेच. मोल मध्यम, वातावरण स्वच्छ परंतु गडबडीचे. पोट भरते, जेवल्याचे समाधान मात्र अपुरे राहते.

कार्यालयांच्या आवारातील कॅन्टीन आणि टपऱ्या

शासकीय कार्यालयांच्या परिसरात चहाच्या टपऱ्या आणि लहान कॅन्टीन असतातच. तारखेला आलेला पक्षकार आणि दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी येथेच वडा-पाव किंवा उसळ-पाव खातो. स्वस्ताई हा त्यांचा गुण. व्रत पाळणाऱ्यास येथे चहा, केळी आणि शेंगदाणे यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. वडा बटाट्याचा, उसळ मोड आलेल्या कडधान्याची, पाव यीस्ट घालून फुगविलेला. भजी ज्या कढईत तळतात तिच्यातच दुसरे काय तळले जाते, याची चौकशी करावी. येथे एका दिवशी भूक मारता येईल, पण रोजच्या जेवणाची व्यवस्था होणार नाही.

जेवणाचे मोल ठरविताना एक सरकारी मापदंड उपयोगी पडतो. राज्यात २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन योजना सुरू झाली. तिच्या थाळीत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असे प्रमाण ठरविण्यात आले. ग्राहकाने १० रुपये द्यावयाचे आणि ग्रामीण भागात थाळीची एकूण किंमत ३५ रुपये धरून उरलेले २५ रुपये शासनाने द्यावयाचे, अशी ती आखणी होती. ही थाळी व्रतींसाठी नव्हती. परंतु कोणतीही थाळी महाग की स्वस्त हे ठरविताना केवळ दर पाहू नये, ताटात किती आणि काय पडते हेही मोजावे, ही सवय त्या प्रमाणावरून लावून घेता येते. पोळ्या मोजून की पोटभर, भात दुसऱ्यांदा मिळतो की नाही, सोलकढी थाळीत धरलेली आहे की तिचे पैसे वेगळे, हे तीन प्रश्न विचारले की दोन खानावळींच्या दरांतील खरा फरक कळतो.

घरगुती खानावळी

आता उरला चौथा प्रकार, आणि या लेखाचा कौल त्याच्या बाजूने आहे. घराच्या पुढच्या पडवीत चार टेबले, आत स्वयंपाकघरात घरातील दोन स्त्रिया, दारावर हाताने रंगविलेली पाटी. अशा खानावळी ओरोसच्या परिसरात आणि साऱ्या जिल्ह्यात आढळतात. पाटीवर बहुधा माशांची नावे असतात आणि ती वाचूनच जैन ग्राहक पाठ फिरवतो.

ही माघार अनेकदा घाईची ठरते. मात्र एक गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. ज्या स्वयंपाकघरात मासळी शिजते तेथील पाणीही ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी संपूर्ण शाकाहारी भोजनगृह हाच पर्याय आहे. परंतु जिल्ह्यात निव्वळ शाकाहारी घरगुती खानावळीही आहेत. शिवाय अनेक घरांत शाकाहारी स्वयंपाकाची भांडी, तवा आणि पळी वेगळी ठेवण्याची रीत असते, कारण घरातील वडीलधारे सोमवार, संकष्टी किंवा एकादशी पाळत असतात. मालवणी बोलीत अशा जेवणाला 'शिवराक' म्हणतात. भांडी वेगळी आहेत का, तळणीचे तेल वेगळे आहे का, हे दोन प्रश्न नम्रपणे विचारले तर बहुतेक ठिकाणी खरे उत्तर मिळते. दर्शनी भागात अन्नसुरक्षा विभागाचा चौदा अंकी परवाना अथवा नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, हेही पाहून घ्यावे.

या खानावळीचे मोठेपण तिच्या मसाल्यात नसून तिच्या पद्धतीत आहे. तेथे सकाळी करून ठेवलेली एकच ग्रेव्ही नसते. मालवणी मसाल्यात मिरची, धणे, लवंग, नागकेशर, दगडफूल, बडीशेप असे सुके पदार्थ असतात. कांदा-लसूण येतो तो 'वाटपा'तून, म्हणजे भाजलेल्या नारळाबरोबर वाटलेल्या कांद्यातून. वाटप त्या त्या आमटीसाठी वेगळे करता येते. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर कांद्यावाचून केवळ भाजलेले खोबरे आणि धणे यांचे वाटप करणे घरच्या सुगरणीला मुळीच अवघड नाही. महामार्गावरील हॉटेलला जे साधत नाही, ते पडवीतल्या खानावळीला साधते, याचे कारण हेच.

ताटात काय मागावे

कोकणच्या शाकाहारी स्वयंपाकात असे अनेक पदार्थ आहेत की जे फार थोडा बदल करून श्रावकाच्या ताटात बसतात.

न्याहारीस घावणे मागावेत. आंबोळीचे पीठ आंबवावे लागते. घावण्यांचे पीठ तांदळाचे, पाण्यात कालवून लगेच तव्यावर घालावयाचे. आंबविलेले वर्ज्य असणाऱ्यांना इडली-डोशापेक्षा हा पदार्थ अधिक सोयीचा. नारळाचा गोड रस घालून दिले जाणारे शिरवाळेही तसेच. तांदूळ, नारळ आणि गूळ यांवाचून त्यात विशेष काही नसते.

दुपारी कुळथाची पिठी मागावी. कुळथाचे सुके पीठ पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत ती शिजते. लसणाऐवजी हिंग-मोहरीची फोडणी आणि आंबटपणासाठी आमसूल घातले की तीत काही उणे राहत नाही. मागणीनंतर ती ताजी करता येते, म्हणून तीत नको ते आधीच मिसळलेले असण्याचा धोका कमी. काळ्या वाटाण्याची आमटीही उत्तम, परंतु वाटाणे केवळ भिजवलेले असावेत, मोड आणलेले नसावेत आणि आमटीत बटाटा नसावा, हे आदल्या दिवशीच सांगावे. केळफूल, पडवळ, दोडका, भोपळा, तवसे म्हणजे मोठी काकडी, कच्ची केळी आणि नीरफणसाची कापे यांनी बटाट्याची उणीव सहज भरून निघते. उन्हाळ्यात ओल्या काजूगरांची उसळ मिळाली तर ती अवश्य घ्यावी. फणसाबाबत प्रत्येकाने आपापला नियम पाहावा.

सोलकढीचा उल्लेख येथे वेगळा केला पाहिजे. कडधान्याबरोबर कच्चे दही किंवा ताक घेतल्यास द्विदलाचा दोष मानला जातो. म्हणून पिठीनंतर ताक पिणे अनेक जण टाळतात. सोलकढी दिसते ताकासारखी, पण ती असते नारळाच्या दुधाची आणि कोकमाच्या आगळाची. तीत दुधा-दह्याचा अंश नाही. लसूण वगळावयास सांगितले की कडधान्याच्या जेवणानंतर ती निःशंक घेता येते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हेही या निमित्ताने सांगण्यासारखे.

दोन ठिकाणी मात्र जपून राहावे. कोकणातील प्रसिद्ध खतखत्यात अनेक कंदमुळे असतात. कांदा-लसूण नाही म्हणून ते चालेल असे समजू नये. तसेच पावसाळ्यात खानावळवाली मावशी मोठ्या कौतुकाने टाकळा, भारंगी, अळू अशा पालेभाज्या वाढते. चातुर्मासात पालेभाजीचा त्याग असणाऱ्यांनी हे आधीच सांगावे, म्हणजे वाढलेले ताट परत करण्याची वेळ येणार नाही आणि वाढणारीचे मनही दुखावणार नाही.

विचारावे कोणत्या शब्दांत

'जैन थाळी आहे का?' हा प्रश्न महामार्गावर समजतो. पडवीतल्या खानावळीत त्याचा अर्थ लागेलच असे नाही. तेथे त्या घराच्याच शब्दांत विचारावे. "मावशी, गणपतीत करतात तसा शिवराक जेवाण व्हया, कांदो-लसूण नको," एवढे म्हटले की सारे उलगडते. कांदा-लसणावाचून चविष्ट स्वयंपाक कसा करावा, हे कोकणातील सुगरणीला शिकवावे लागत नाही. गणेशोत्सवात घरोघरी नैवेद्याचे पान तसेच होते. त्यानंतर 'जमिनीखाली वाढणारे काहीही नको' हे वाक्य पुढे जोडावे. आले, बटाटा, सुरण, गाजर अशी यादी पाठ म्हणण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक लक्षात राहते.

पंचांग पाहिले तर हा मेळ आणखी गमतीचा वाटतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. तिच्या मागोमाग श्रावण येतो, आणि श्रावण संपताच गणपती. दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत असते. श्वेतांबर परंपरेतील संवत्सरीही भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीच्याच सुमारास येते. म्हणजे ज्या दिवसांत श्रावकाचा नियम सर्वांत कडक असतो, जवळपास त्याच दिवसांत कोकणातील चूलही शिवराक झालेली असते. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तेवढा दिवस सोडावा. खानावळवालीच्या घरीही गणपती असतात आणि त्या दिवसांत खानावळ बंद राहू शकते. तेव्हा पर्वकाळाची व्यवस्था पंधरा दिवस आधी बोलून ठेवणे शहाणपणाचे.

डब्याची व्यवस्था

रोजच्या सायंकाळचा प्रश्न याच खानावळीतून सुटू शकतो. दुपारी जेवतानाच सायंकाळचा डबा बरोबर घ्यावा किंवा साडेचारच्या सुमारास मागवावा. डब्यात तांदळाची भाकरी किंवा घावणे, एखादी सुकी भाजी आणि कोरडी चटणी असावी. सोलकढी व नारळाच्या दुधाचे पदार्थ डब्यात घेऊ नयेत. कोकणच्या उष्ण-दमट हवेत ते लवकर उतरतात. पिण्याचे पाणी उकळलेले हवे असल्यास घरगुती खानावळीत सकाळी सांगून ठेवता येते, मोठ्या हॉटेलात ते जमेलच असे नाही. कार्यालयात दहा मिनिटे बाजूला बसून जेवण्यासाठी वरिष्ठांना एकदा मोकळेपणाने सांगावे. लपून खाण्यापेक्षा सांगून खाणे केव्हाही बरे.

मोलाच्या दृष्टीने महिन्याचे ठरवून जेवणे हे सुटे जेवण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. ठरविताना शनिवार-रविवारचे काय, हे विचारावे, कारण कार्यालये बंद असली की परिसरातील गिऱ्हाईक आटते आणि काही खानावळी चूल पेटवीत नाहीत. गावी गेल्यास त्या दिवसांचे पैसे वजा होतात का, हेही आरंभीच ठरवावे. वातावरणात थाटमाट नसतो, पंखा एखाद वेळी हळू फिरतो, ताट स्टीलचे असते. परंतु दुसऱ्या आठवड्यापासून वाढणारीला ग्राहकाचा नियम पाठ झालेला असतो, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

खानावळीचे जुने नाते

परगावी गेलेल्या माणसाचे जेवण हा प्रश्न समाजाला नवा नाही. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग चालविले. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्या बोर्डिंगचे एक विद्यार्थी. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. शाळेआधी जेवणाची पंगत उभी राहिली पाहिजे, हे त्या पिढीने ओळखले होते.

कोकणालाही हा अनुभव आहे, परंतु उलट्या बाजूने. रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्गातील हजारो चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत राबले. कुटुंब गावी आणि माणूस गिरणगावात, अशा स्थितीत त्यांना जगविले ते खानावळवाल्या बायकांनी. दहा बाय दहाच्या खोलीत शेगडीसमोर बसून त्या पाळीनुसार जेवण वाढीत. या स्त्रियांना सावकारी कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. परक्या गावी कोणीतरी आपल्या चवीचे, आपल्या वेळेला वाढणारे असावे लागते, हे कोकणातील घराघराला त्या काळापासून ठाऊक आहे. आज बदलीवर आलेला परजिल्ह्यातील कर्मचारी ओरोसच्या पडवीत जेवायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे ताट ठेवणाऱ्या घरातीलही कोणी आजोबा कधीकाळी परळ-लालबागच्या खानावळीत असेच बसलेले असू शकतात.

निवड कोणी कोणती करावी

सारांश सांगावयाचा तर, वृद्ध आणि मुले घेऊन मालवणच्या वाटेवर असलेल्या कुटुंबाने महामार्गावरील शाकाहारी हॉटेल निवडावे, परंतु ग्रेव्हीची भाजी टाळावी. अर्ध्या तासाची सुटी असलेल्याने आणि आंबविलेले चालणाऱ्याने उडपी उपाहारगृहात जावे. तारखेला आलेल्या पक्षकाराने पिशवीत घरचे खाणे ठेवावे आणि कॅन्टीनमधून फक्त चहा घ्यावा. आठवडाभराहून अधिक मुक्काम असणाऱ्याने मात्र पहिल्याच दिवशी एखादी घरगुती खानावळ शोधावी, भांड्यांची आणि तेलाची चौकशी करावी, आपला नियम तिच्या बोलीत सांगावा आणि सायंकाळचा डबा ठरवून टाकावा.

पहिले दोन-तीन दिवस चुका होतील. आमटीत आले येईल, डबा साडेपाचला पोहोचेल. रागावून खानावळ बदलण्यापेक्षा पुन्हा एकदा सांगावे. नोव्हेंबरमध्ये दिवस आखडू लागल्यावर एखाद्या दुपारी ती मावशीच विचारील, "आज डबो जरा लवकर धाडू काय?" तसे घडले म्हणजे योग्य खानावळ सापडली, असे समजावे.